टाकी तेवढीच, पल्ला लांब





या पानावर आम्ही एरवी निकाल, स्नेहसंमेलन, गॅदरिंगची बक्षिसे यांविषयी लिहितो. या वेळचा विषय मोटारसायकलच्या टाकीचा आहे. टाकीत तेवढेच पेट्रोल असताना गाडी जास्त किलोमीटर कशी जाईल, हा तो विषय. शाळेच्या अंकात पेट्रोल कशाला, असे कोणाला वाटेल. पण आपल्या शाळेतले बहुतेक शिक्षक दुचाकीवर येतात. पालकांपैकी कोणी रोज पीथमपूरला कामाला जातात, कोणी कुरिअर पोहोचवतात, कोणी घरगुती डबे पोहोचवतात. 2021 साली मध्यप्रदेशात पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली, तेव्हापासून महिनाअखेरचा हिशोब कितीतरी घरांत पेट्रोलपासूनच सुरू होतो. शिवाय गेल्या सत्रात या विषयाशी आपल्या शाळेचा मराठीचा वर्गच बांधला गेला होता.

आपले मराठीचे सर देवासहून येतात. घर ते शाळा 38 किलोमीटर, म्हणजे रोजचे 76 आणि सहा दिवसांचे 456. बस आहे, पण दोन्ही टोकांना ऑटो करावा लागतो आणि शाळेची वेळ साधत नाही. म्हणून सर 2011 सालच्या 100 सीसीच्या मोटारसायकलवर येतात. दिवाळीच्या आधी त्यांनी आम्हाला एक पत्र दिले. पगारातले जवळजवळ चार हजार रुपये पेट्रोलमध्ये जातात, देवासला घराजवळ शिकवणीचे काम मिळते आहे, तेव्हा सत्र संपल्यावर मोकळे करावे, एवढेच त्यात लिहिले होते. पत्रात तक्रार नव्हती, म्हणून ते वाचायला जास्त जड गेले.

इंदूरला घरात मराठी बोलणारी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या आहेत. पण सहावी ते दहावीला व्याकरणासह मराठी शिकवील असा शिक्षक शोधायला निघालो की हात रिकामे राहतात. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. या पानाचा मजकूरसुद्धा ऱ्हस्व-दीर्घ पाहायला सरांकडेच जातो. विश्वस्त मंडळाशी बोललो. नवीन सत्राची फी येईपर्यंत पगारात वाढ करणे शक्य नव्हते, हे हिशोबाच्या वहीवरून आम्हालाही दिसत होते.

त्याच सुमारास आम्ही नववीला 'कार्य आणि ऊर्जा' हा धडा शिकवत होतो. पदवीला भौतिकशास्त्र होते, म्हणून तो तास आम्ही आवडीने घेतो. घर्षणाची उदाहरणे चालली असताना एका मुलीने विचारले, "सर, मराठीच्या सरांची गाडी किती ॲव्हरेज देते?" सरांना विचारले तर ते म्हणाले, "देत असेल पन्नासच्या आसपास. कधी मोजलं नाही." मग नववीच्या वर्गाने मोजायचे ठरवले. दिवाळीच्या सुट्टीनंतरचे सहा आठवडे हा प्रयोग चालला.

मोजण्याची रीत आधी सांगतो, कारण ती घरोघर उपयोगी आहे. दर सोमवारी सकाळी सरांनी देवासच्या एकाच पंपावर, गाडी मेन स्टँडवर उभी करून, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत पेट्रोल घ्यायचे. किती लिटर बसले ते पावतीवरून आणि किती किलोमीटर झाले ते मीटरवरून लिहायचे. किलोमीटरला लिटरने भागले की ॲव्हरेज निघते. शंभर रुपयांचे पेट्रोल टाकून काट्याकडे पाहत राहिल्याने काही कळत नाही. गळ्यापर्यंत भरण्याचा आग्रहही नको. पेट्रोल तापल्यावर फुगते, त्याला टाकीत जागा लागते.

पहिल्या आठवड्यात काहीच बदलले नाही. 456 किलोमीटरला 9.5 लिटर लागले, म्हणजे ॲव्हरेज 48. या गाडीची टाकी साधारण साडेदहा लिटरची, त्यातले दीड लिटर रिझर्व्हचे. मुख्य नळावर 9 लिटर. नऊ गुणिले अठ्ठेचाळीस, 432. म्हणजे शनिवारी शाळेतून परत जाताना, साधारण मांगलियाच्या आसपास, गाडी गचके देऊन रिझर्व्हला लागणार. सर म्हणाले, "अगदी बरोबर, दर शनिवारी तिथेच लागते." मुलांना गंमत वाटली, कारण मांगलियाला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत. मुंबईहून मनमाडमार्गे पाइपलाइनने आलेले पेट्रोल तिथे उतरते, आणि आपल्या सरांची टाकी नेमकी तिथेच संपते.

इथे एका मुलाने विचारले की रिझर्व्ह म्हणजे वेगळी टाकी असते का. तशी नसते. टाकीच्या तळाशी जो नळ असतो त्याच्या दोन नळ्या टाकीत वर येतात, एक उंच आणि एक बुटकी. नळ 'ऑन'वर असताना पेट्रोल उंच नळीतून येते. पातळी त्या नळीच्या तोंडाखाली गेली की पेट्रोल थांबते. 'रिझर्व्ह' केले की बुटकी नळी उघडते आणि तळाचे पेट्रोल मिळते. दुसरी गोष्ट, बहुतेक मोटारसायकलींची टाकी खोगिरासारखी मधल्या चौकटीवर बसते, त्यामुळे तळाला तिच्या दोन बाजू वेगळ्या होतात. नळ एका बाजूला असतो आणि दुसऱ्या बाजूला थोडे पेट्रोल अडकून राहते. गाडी अगदी बंद पडली तर ती नळाच्या बाजूला चांगली कलती करावी, म्हणजे अडकलेले पेट्रोल इकडे येते आणि पुढच्या पंपापर्यंतची सोय होऊ शकते. नव्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांना असा नळ नसतो, तिथे काट्यावर आणि दिव्यावर लक्ष ठेवावे. या गाड्या दर वेळी पूर्ण रिकाम्या करणे चांगले नाही. टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो.

आता बदलांकडे येऊ. मुलांनी एक नियम केला, आठवड्याला एकच बदल.

दुसऱ्या आठवड्यात चाकांतील हवा. सकाळी, गाडी थंड असताना तपासली, तर मागच्या चाकात पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा दहा पौंड हवा कमी होती. चाक बसके असले की रबर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबते आणि त्यात ऊर्जा उष्णता होऊन जाते. योग्य आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. मागे कोणी बसणार असेल तर मागच्या चाकाचा आकडा वेगळा असतो, तोही पाहावा. पंक्चरवाल्याच्या अंदाजावर सोडू नये. त्या आठवड्यात 9.1 लिटर लागले.

तिसऱ्या आठवड्यात साखळी आणि ब्रेक. गाडी मेन स्टँडवर लावून मागचे चाक हाताने फिरवले, तर दीड फेऱ्यात थांबत होते. ब्रेक थोडा घासत होता आणि साखळी कोरडी व ताणलेली होती. ब्रेक सैल करवला, साखळी साफ करून तेल दिले, ढिलाई पुस्तिकेप्रमाणे ठेवली. पाय ब्रेकवर टेकवून चालवण्याची सवय पुष्कळांना असते, ती सोडावी. 8.8 लिटर.

चौथ्या आठवड्यात एअर फिल्टर, प्लग आणि कार्बुरेटर. फिल्टरवर धुळीचा थर होता, म्हणजे इंजिन नाक दाबून धावत होते. मिस्त्रीने प्लग बदलला आणि कार्बुरेटर साफ करून लावला. 8.4 लिटर.

पाचव्या आठवड्यात वेग. मिस्त्रीने निघताना सरांना सांगितले होते, "मास्साब, दौड़ाओगे तो पिएगी ही." सर देवास रस्त्यावर 65 च्या आसपास चालवत. एक आठवडा त्यांनी 50 वर चालवली. 7.8 लिटर. सहाही आठवड्यांत एका बदलाने पडलेला हा सगळ्यात मोठा फरक. कारण वर्गात सुटले. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 65 ला 50 ने भागून वर्ग केला की 1.69 येतात. वेग तीस टक्के वाढवला तर हवा जवळजवळ सत्तर टक्के जास्त अडवते. फार हळू, वरच्या गिअरमध्ये गाडी खडखडत चालवण्यानेही फायदा होत नाही. इंजिनाला न रडवता, शक्य त्या वरच्या गिअरमध्ये, एकसारखे चालवावे.

सहाव्या आठवड्यात उभ्या गाडीचे पेट्रोल. थंडीत सर चोक ओढून गाडी अंगणात पाच मिनिटे चालू ठेवत आणि चोक कधी कधी अर्धा तसाच राही. आता गाडी सुरू झाली की थोड्याच वेळात चोक बंद करून हळू निघायचे. देवास नाका आणि विजयनगर चौराहा इथल्या लांब सिग्नलला इंजिन बंद. 7.6 लिटर.

9.5 वरून 7.6. ॲव्हरेज 48 वरून 60. मुख्य नळावरचे तेच 9 लिटर आता 540 किलोमीटर जातात. सोमवारी भरलेली टाकी शनिवारी रात्री सरांच्या दारात रिझर्व्हला न लागता उभी राहते.

टाळ्या झाल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. तो म्हणाला, "सर, एका आठवड्याचं एकच माप. वाऱ्यामुळेही फरक पडला असेल." प्रश्न योग्य होता. म्हणून सगळे बदल तसेच ठेवून आणखी तीन आठवडे मोजले. ॲव्हरेज 58 ते 61 च्या मध्ये आले. तेव्हा ब्रेक-साखळीचा 0.3 लिटर आणि सिग्नलचा 0.2 लिटर हे आकडे काटेकोर मानू नयेत. एवढा फरक वाऱ्याने किंवा पंपावरच्या थोड्या कमी-जास्तीनेही पडू शकतो. एकूण फरक मात्र पक्का आहे. वहीत मुलांनी हे दोन्ही लिहिले, याचा आम्हाला निकालाहून जास्त आनंद झाला.

काही पालकांनी वेगवेगळे उपाय सुचवले, त्यांचीही उत्तरे देतो.

मोठी टाकी बसवावी का? पल्ला वाढेल, पंपावर जाणे कमी होईल, पण किलोमीटरमागचा खर्च एका पैशाने कमी होणार नाही. वर प्रत्येक लिटरमागे पाऊण किलो वजन वाढेल. डिकीत प्लास्टिकच्या बाटलीत पेट्रोल ठेवणे तर सरळ धोका आहे, कोणीही करू नये.

पेट्रोलच्या नळीवर लावायचे चुंबक आणि टाकीत टाकायच्या गोळ्या? अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून जास्त साधने वर्षानुवर्षे तपासली. क्वचित एखाद्याने किंचित फरक पडला, लक्षात घ्यावा असा कशानेच नाही. तेवढ्या पैशांत एअर फिल्टर येतो.

घाटात गाडी न्यूट्रल करून उतरावी का? ओंकारेश्वरला जाताना चोरलच्या पुढे घाट लागतो, तिथे पुष्कळजण असे करतात. करू नये. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. इंजेक्शनच्या गाडीत तर बचतही होत नाही. गिअरमध्ये असताना थ्रॉटल पूर्ण सोडला की ही गाडी पेट्रोल बंद करते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतच राहते.

पेट्रोलमध्ये इथेनॉल आल्याने ॲव्हरेज घटले का? थोडे घटते. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात वीस टक्के इथेनॉलसाठी न बनलेल्या दुचाकींना 3 ते 4 टक्के घट धरली आहे, म्हणजे 60 च्या गाडीला दोनेक किलोमीटर. 2025 मध्ये देश वीस टक्क्यांपर्यंत पोहोचला. आमच्या प्रयोगात सगळे आठवडे एकाच पंपाचे पेट्रोल होते, म्हणून तुलना बिघडत नाही. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या मात्र पाहून घ्याव्यात आणि गाडी महिनोन् महिने टाकीत पेट्रोल ठेवून उभी करू नये. इथेनॉल ओलावा ओढतो.

विद्यार्थी मित्रांनो, या प्रयोगात तुमच्यापैकी कोणीही गाडी चालवली नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो. गिअरच्या मोटारसायकलचे लायसन्स अठराव्या वर्षी मिळते. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चाक फिरवून पाहा, हवा मोजा, वही ठेवा. हँडल अठरानंतर.

आता पैशांचे. लिटरला 105 रुपये धरले तर सरांची आठवड्याची बचत 1.9 लिटर म्हणजे जवळजवळ 200 रुपये, महिन्याचे 800. कार्बुरेटर, प्लग, फिल्टर मिळून जो खर्च झाला तो दोन महिन्यांत निघाला. पण याची एक किंमतही आहे. 65 ऐवजी 50 ने चालवल्यावर 38 किलोमीटरला कागदावर साधारण साडेदहा मिनिटे जास्त लागतात, जाताना आणि येतानाही. म्हणजे थंडीत सर रोज घरून तेवढे आधी निघतात आणि संध्याकाळी तेवढे उशिरा आपल्या मुलांजवळ पोहोचतात. आठशे रुपये त्यांनी स्वतःच्या वेळातून कमावले आहेत.

म्हणून विश्वस्त मंडळाला आमची या पानावरून नम्र विनंती आहे. या आठशे रुपयांना पगारवाढ समजू नये. "आता तर सरांचे भागते" असे वाक्य नव्या सत्राच्या बैठकीत येऊ नये. गाडीतून जे काढता येणे शक्य होते ते नववीच्या मुलांनी काढून दाखवले. साठच्या पुढे ही गाडी फारशी जाणार नाही. यापुढचा वाटा गाडीचा नाही, आपला आहे. बाहेरगावहून येणाऱ्या शिक्षकांना प्रवासभत्ता मिळावा, असा प्रस्ताव आम्ही लेखी दिला आहे. त्यासोबत मुलांची नऊ आठवड्यांची वही जोडली आहे. कोणाला किती अंतराला किती लागते, याचा हिशोब आता अंदाजाने करावा लागणार नाही.

सरांचे पत्र आमच्याकडे आहे. त्यांनी ते परत मागितलेले नाही आणि आम्हीही तो विषय काढलेला नाही. मार्चपर्यंत थांबून पाहतो, एवढे ते म्हणाले आहेत. तोपर्यंत सहावीची समास-संधी आणि दहावीची उजळणी नेहमीसारखी चालू आहे.

पालकहो, वहीची कोरी पाने शाळेच्या कार्यालयात ठेवली आहेत. तारीख, मीटरचा आकडा, लिटर, चाकांतील हवा, एवढ्याच चार रकान्यांची. आपल्या गाडीचे चार आठवडे लिहून मुलाच्या हाती पाठवावे. भागाकार नववीचा वर्ग करील आणि ज्यांच्या गाडीचे मागचे चाक दोन फेऱ्यांत थांबते त्यांना तसे कळवीलही.

आपले,
मुख्याध्यापक